शिसवी बासरीला ऊन

८ फेब्रुवारी
शरदना पुण्याच्या गाडीत बसवून आले. न्यूमोनियानंतर निदान महिनाभर दिल्लीची हवा नको, असं डॉक्टर म्हणाले. वन्सं स्वतः न्यायला आल्या होत्या, हे बरं झालं. गाडी सुटेपर्यंत सूचना चालू. माझ्या नव्हे, त्यांच्या. स्वतःच्या तब्येतीबद्दल अवाक्षर नाही, सगळं बासरीबद्दल.
"पंधरवड्याला बदामाचं तेल. आतून, बाहेरून. हीटरजवळ नको. उन्हात तर अजिबात नको."
"कळलं."
"लिहून घे."
"तीस वर्षं सरकारची मिनिट्स लिहिली. आता तुमची नाही लिहिणार."
गाडी हलली तरी काचेआडून हाताने तेल चोळल्याची खूण करत होते. शेजारचे सरदारजी हसत होते.
घरी येऊन झोपले. हॉस्पिटलच्या जागरणांनंतर पहिली सलग झोप.

१५ फेब्रुवारी
श.चा फोन. आवाज सुधारलाय, खोकला कमी. "मॅडम, फाईल पुढे सरकली का?" म्हणजे तेल. लावते म्हटलं.
लावलं नाही. डिसेंबरात त्या धुरक्यात, उघड्या मैदानावर, मी नको म्हणत असताना वाजवायला गेले. पुढच्या आठवड्यात ताप, मग हॉस्पिटल. जिच्यापायी हे झालं, तिला मी बसून तेल चोळू? कपाटात आहे. राहू दे.

२३ फेब्रुवारी
"लावलं?"
"लावलं."
सरळ खोटं. बोलून गेले, कारण तेच सोपं होतं. त्यावर ते म्हणाले, "वास येतो ना अजून? बाबांच्या टेबलाचा." हो म्हटलं.
मामंजींचं शिसवी टेबल. सरोजिनी नगरचं क्वार्टर सोडताना टेम्पोतून उतरवताना मोडलं. मी भंगारवाल्याला बोलावलं होतं, श.नी चारही पाय काढून घेतले. कीर्तिनगरला खरादवाल्याकडे, लाकूड कातून घ्यायला, हेलपाटे. आतून पोकळ करताना तीन पाय फुटले, चौथ्याची बासरी झाली. स्वरांची भोकं मात्र स्वतः केली, अख्खा हिवाळा बाल्कनीत बसून, कानसीने. थोडं घासायचं, वाजवून बघायचं, पुन्हा थोडं. "मोठं करता येतं गं, लहान नाही करता येत." माझ्या वाळत घातलेल्या धण्यांत भुसा.
उद्या तेल लावावं.

२४ फेब्रुवारी
नाही लावलं.

४ मार्च
आज रजया, गाद्या, स्वेटर सगळं गच्चीवर. दरवर्षीचं काम. ऊन चांगलं कडक, वारा कोरडा.
कपाट रिकामं करताना बासरी हाती आली. खोळीला कुबट वास. तोंडाच्या भोकाशी पांढरी बुरशी, बोटाला लागली. अंगावर काटा आला. न्यूमोनियातून उठलेला माणूस हे तोंडाला लावणार! साबणाच्या पाण्याने आतून बाहेरून धुतली, पुसली आणि नेऊन रजईवर ठेवली. आमच्या घरात आजारपण सरलं की सगळ्याला ऊन दाखवायची पद्धत. आई करायची, मीही करते.
'उन्हात अजिबात नको' हे तेव्हा आठवलं नाही का? आठवलं. वाटलं, यांचे सोस. दोन तासांनी काय होतंय.
दोन तासांनी खाली कोण जाणे कोणाशी बोलत बसले. संध्याकाळीच वर गेले. रजया मस्त फुलल्या होत्या. बासरीला चीर. खालच्या अंगाला, तोंडाच्या भोकाच्या जरा पुढून निघून पहिल्या बोटाच्या भोकापर्यंत. केसाएवढी. नख अडकतं.
जेवले नाही.

५ मार्च
मिनलला गुडगावला फोन केला. तिला वाटलं पप्पांना काही झालं.
"आई, बासरी? ओ गॉड, मी घाबरले ना! पप्पांना सांग, झालं. ही विल लाफ."
हसणार नाहीत.
फुटक्या तीन पायांचे तुकडे श.नी बाल्कनीतल्या खोक्यात जपून ठेवलेत. त्यातला एक कानसीने घासला, भुसा चाळला, गोंदात कालवून चिरेत भरला. सुकल्यावर बारीक पॉलिश पेपर. मग तेल. महिनाभर जे दिलं नाही ते आज तीन वेळा. लाकूड अधाशासारखं पीत होतं.
चीर दिसत नाही. मन लावून केलेलं काम आहे, हे कबूल करायला हवं. मी हे दुरुस्तीसाठी केलं की लपवण्यासाठी? दुरुस्तीसाठीच असतं तर आजच फोनवर सांगितलं असतं. रात्री फोन आला होता. "तेल?" "लावलं." पहिल्यांदाच खरं.

१६ मार्च
श. आले. कपडे लोंबतात अंगावर. चहा व्हायच्या आत कपाट उघडलं.
बासरी नाकाशी नेली, तळहातावरून फिरवली. मी पाठमोरी, दुधी चिरत. "वा, मॅडम! तेल काय मुरलंय. उगाच काळजी करत होतो हिची." चष्म्याचा नंबर वाढलाय, बदलून घ्या म्हणून मीच मागे लागले होते.
वाजवली. वरचे स्वर ठीक. खालच्या स्वरांवर उतरले आणि नुसती हवा. पुन्हा. पुन्हा नुसती हवा. तिसऱ्यांदा दम लावला, खोकला आला.
बासरी मांडीवर ठेवून छातीवर हात ठेवला. "गेली गं माझी फुप्फुसं."
"प्रवासाने थकलात. उद्या बघा."
दुधी किसासारखा बारीक झाला होता.

१९ मार्च
रोज सकाळी तेच. डॉक्टर म्हणाले होते वाजवा, छातीला व्यायाम होईल. व्यायाम राहिला बाजूला, रोजची परीक्षा झालीये. आणि रोज नापास.
आज मंडळाला फोन करून पाडव्याच्या कार्यक्रमातून नाव काढून घेतलं. "नहीं भई, अब दम नहीं रहा," असं कोणाला तरी हसत हसत सांगत होते. मराठी मंडळात हिंदीत का, तर पलीकडे तो तरुण सेक्रेटरी, दिल्लीतच वाढलेला, मराठी जड जाणारा.
मग मला म्हणाले, "पाइपवाली काढ बरं एखादी. बघू तरी."
शनिवारी पहाडगंजच्या शाळेतल्या मुलांना शिकवतात, त्यांच्यासाठी पांढऱ्या प्लॅस्टिक पाइपच्या करून ठेवल्यात. आपटा, धुवा, उन्हात टाका, काही होत नाही. पिशवीभर आहेत.
"माळ्यावर टाकल्यात. स्टुलावर कोण चढणार आत्ता? बघू नंतर."
विचार करायला क्षणही लागला नाही. पाइपवर खालचा स्वर लागला असता तर कळलंच असतं, दोष छातीत नाही, बासरीत आहे ते. हवा चिरेतून गळते. मला ते बरोबर ठाऊक होतं, म्हणूनच जीभ इतकी चपळ. आधीचं खोटं कंटाळ्यातून होतं. आजचं नव्हे.

२२ मार्च
मिनल आली होती. श. तिला म्हणाले, "मिनू, तुझा बाप आता सेकंड हँड झाला." ती हसली, मग माझ्याकडे बघितलं. मी पोळ्या लाटत राहिले.
स्वयंपाकघरात आली. "आई, तू सांगितलंच नाहीस?"
"योग्य वेळ बघून सांगेन."
"अजून कुठली वेळ यार? ही थिंक्स ही इज डायिंग!"
"हळू बोल."
"ऑफिसात पाच मिनिटं उशीर झाला तर लोकांना मेमो द्यायचीस ना तू?"
तिला म्हटलं, पोळीला तूप लाव. तिने लावलं. जाताना नेहमीसारखी गळ्यात पडली नाही.

२५ मार्च
छातीची तपासणी होती. मशीनमध्ये फुंकायला लावलं. डॉक्टर खूश. "अंकलजी, बिल्कुल बढ़िया. जवानों जैसा." मी मनात म्हटलं, सुटले. आता पटेल यांना.
रिक्षात म्हणाले, "मशीनला काय कळतंय. बासरी खोटं सांगते होय?"
संध्याकाळी फिरायला पाठवलं तर कोपऱ्यावरून परत. बाकावर बसून आले. दम लागला का विचारलं, तर "नाही, पण लागेलच की. उगाच कशाला."
झोपायच्या आधी बासरी खोळीत घालताना: "वर्गातल्या कोणाला तरी देऊन टाकू. छाती असलेल्या माणसाला. आपल्याकडे नुसती पडून राहील, वाळून जाईल."
आतल्या खोलीत येऊन बसले. तीस वर्षं लोक मला कडक म्हणाले, मी ते कौतुक समजले. दुसऱ्याची चूक समोर ठेवताना माझा आवाज कधी कापला नाही. विसरले, असं म्हणून सुटता आलं असतं, पण मी काहीच विसरले नव्हते. रागाने तेल दिलं नाही, तोऱ्यात ऊन दिलं. आता ते बासरीचा दोष स्वतःच्या अंगावर घेऊन बाकावर बसतात.

२७ मार्च
सकाळी श. अंघोळीला गेल्यावर स्टुलावर चढले. पिशवी काढली. एक पाइपवाली घेऊन साबणाने धुतली. हिला चालतं. पुसून चहाच्या कपाशेजारी ठेवली, शिसवीच्या जोडीला.
सांगायला तोंड उघडलं होतं. बाहेर आलं ते, "चहा निवतोय."
"अरे वा, निघाली का माळ्यावरून? आज कसा काय मुहूर्त?"
वही घेऊन इथे आतल्या खोलीत आले. भ्याडपणाच हा. दार उघडं ठेवलंय.
फुंकून बघतायत. वरचा स्वर. मधला.
खालचा. लागला. भरून, लांबलचक, खिडकीच्या काचेपर्यंत. थांबले. पुन्हा तोच, आधीपेक्षा लांब. खोकला नाही.
आता शिसवी. नुसती हवा.
पाइप. लागतोय.
शिसवी. हवा.
खुर्ची सरकल्याचा आवाज, खिडकीकडे, उजेडात. बासरी उलटी करून खालच्या अंगावरून नख फिरवत असतील.
"कुमुद."
मॅडम नाही. अगं नाही.
"आले," म्हटलंय. उठते आहे.