घोरणाऱ्या घरमालकांवरचा निबंध

ती. ताई,

धाकट्याचा नमस्कार. मी मजेत आहे, जेवणखाण वेळेवर होतं. चाळिशी उलटल्यावर कॉलेजात बसलोय, म्हणून वर्गातली पोरं मला काका म्हणतात आणि पेन माझ्याकडेच मागतात. भाओजींचा गुडघा कसा आहे? जिना चढू देऊ नकोस.

निवडणुकीचा निकाल तुझ्या कानावर आला असेलच. ‘बाहेरच्यांना हाकला’ म्हणणारे निवडून आले. तू घोर लावून घेऊ नकोस. मला मात्र दोन दिवस घास गोड लागला नाही, कारण इथे मीही बाहेरचाच, आणि खाली राहणाऱ्या आमच्या घरमालकांनीही त्यांनाच मत दिलं. म्हटलं, आता खोली जाते की काय!

बाईंनी वर्गात निकालावरच निबंध लिहायला सांगितला. मी रागाच्या भरात पानभर ‘ह्या लोकांनी, ह्या लोकांनी’ करत सुटलो. बाईंनी समासात एवढंच लिहिलं, ‘ह्यांतला एक तरी माणूस दाखवा.’

मग मी घरमालकांवरच लिहिलं. मला ताप आला तेव्हा त्यांनी दवाखान्यात नेलं ते, त्यांचं छप्पर हादरवणारं घोरणं आणि त्यांचं मत. काल संध्याकाळी त्यांनाच वाचून दाखवलं.

“घोरण्याचं गाळ,” ते म्हणाले.

“आणि मताचं?”

“अरे, बाहेरचे म्हणजे तू नव्हेस! खोली तुझीच आहे.”

“मग बाहेरचे कोण, मालक?”

ते उठून आत गेले.

आज सकाळी जिन्यात भेटले. “काल मस्त झोप लागली,” म्हणाले. ताई, माझे कान तुला ठाऊक आहेत. रात्रभर खालून घोरण्याचा आवाज नव्हता.

घरी सगळ्यांना माझी आठवण सांग.

तुझा,
धाकटा