तेल न लावलेले हात

बाई,

फ्लोरीन सगळ्यात महाग पडलं. आयर्लंडमधले दोन सख्खे भाऊ त्याच्या मागे लागून जन्माचे आजारी झाल्यासारखे झाले, बेल्जियममधला एक माणूस जिवानिशी गेला, फ्रान्समधला एक गेला, आणि शेवटी ज्याच्या हाती तो वायू लागला, तोही म्हातारा व्हायला उरला नाही. आमच्या पुस्तकात याची एकच ओळ होती, शोध कोणी लावला आणि कोणत्या साली. बाकीचा हिशेब तुम्ही तोंडी सांगितला, तोही माझ्या एका आगाऊ प्रश्नामुळे.

तात्यापारा मोहल्ल्यातलं तुमचं स्वयंपाकघर मला अजून दिसतं. मी बीरगांवहून सायकल मारत यायचो. तुमची शिकवणी म्हणजे तुम्ही घरचं काम करत बोलायचं आणि आम्ही भिंतीला टेकून ऐकायचं. त्या दिवशी तुम्ही दोन्ही हातांना मनगटापर्यंत मोहरीचं तेल चोपडून जिमीकंद, म्हणजे सुरण, चिरताय आणि त्या पोलंडच्या बाईची गोष्ट सांगताय, जिनं गाडाभर काळी माती उकळून, ढवळून, त्यातून चिमूटभर रेडियम काढलं. मी मध्येच विचारतो, "बाई, रेडियमचा भाव काय असंल?" विळी थांबते. "तुले भावाशिवाय काही सुचते का रे पोट्ट्या?" मी म्हणतो, आमच्या घरी भाव विचारल्याशिवाय मीठसुद्धा येत नाही. तुम्हाला हसू आलं, पण तुम्ही सोडलं नाही. "विचारलास ना? मग पुरा भाव ऐक." आणि मग फ्लोरीनपासून सुरुवात करून एकेका मूलद्रव्यामागे कोणाचे डोळे गेले, कोणाची फुफ्फुसं गेली, हे तुम्ही भाजी फोडणीला पडेपर्यंत सांगत राहिलात. त्या रेडियमवाल्या बाईच्या बोटांची टोकं चिरली होती, तिचे कागदसुद्धा आजवर शिशाच्या पेटीत ठेवावे लागतात. शेवटी तेलकट हात माझ्यासमोर धरून म्हणालात, "जिमीकंद खाजवते, तेल लावून चिराव, हे मले आईनं सांगितलं. तिले तिच्या आईनं. त्या बाईले कोण सांगणार होतं? तिच्या आधी ती वस्तू कोनी पाहिलीच नव्हती."

रसायनात मी काठावर पास झालो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. पुढे काय झालो ते ठाऊक नाही. सिलतऱ्यात माझं भंगाराचं मोठं यार्ड आहे. बंद पडलेल्या कारखान्यांचा माल येतो, आम्ही तो निवडून भट्ट्यांना विकतो. मी सुरुवात हातगाडीवर केली आणि वर आलो ते कानांच्या जोरावर. वस्तूवर घन मारायचा आणि ऐकायचं. पोलाद गातं, बीड खोकल्यासारखं वाजतं, शिसं वाजतच नाही, नुसतं गिळतं. लोकांनी मशीनं आणली, मी कानच ठेवले. या पट्ट्यात माझ्यासारखा कान नाही, असं मी म्हणतो आणि चारचौघांत म्हणतो. आमच्याकडे एक जुनी रीतही आहे. बंद वस्तू सापडली तर ती फोडायची, आणि आतून जे निघेल त्यात फोडणाऱ्याचा वाटा. त्यामुळे बंद वस्तू दिसली की पोरं घन घेऊन धावतात.

मागच्या महिन्यात एका जुन्या कारखान्याच्या मालात घागरीएवढी एक वस्तू आली. वर रंगाचे थर, कुठे झाकण नाही, दोघांनी उचलावी इतकी जड. मी हातोडीनं हलकेच ठोकून पाहिलं. शिसं होतं, पण मला वाटलं आत पोकळी आहे आणि पोकळीत काहीतरी बसलंय. बुधराम नावाचा आमचा मजूर घन उचलून उभाच होता, उघड्या हातांनी. "भैया, फोड़ दूँ?" त्याचे ते हात पाहिले आणि मला तुमचे हात दिसले. मी ओरडलो, थांब.

मुकादम भंडाऱ्याकडचा, जिभेचा तिखट. "काहून भिऊन राहिले भाऊ? बॉम्ब हाय का? शिसं तं हाय."

"शिसं आहे म्हणूनच. हौसेनं कोणी कशाला शिशात गुंडाळत नाही."

जुन्या कारखान्यांत भट्टीतला माल किती उंच भरलाय हे मोजायला रेडियमसारखं काहीतरी शिशाच्या डब्यात बसवत, हे मी ऐकून होतो. पण ते यांना कसं सांगणार? मग मी तुमची गोष्ट सांगितली, त्या बाईची आणि जिमीकंदाची. जिमीकंद म्हटल्यावर बुधरामला लगेच पटलं. म्हणाला, "हव, तो तेल लगा के फोड़ूँ?" सगळे हसले, मीही हसलो, पण घन खाली आला होता. मी सगळ्यांना फाटकाबाहेर काढलं आणि सरकारी माणसांना कळवलं. ते किरणं मोजायचं यंत्र घेऊन आले. यंत्र काही बोललं नाही, पण शिसं जाड आहे, नेऊन तपासतो म्हणाले आणि ती घागर घेऊन गेले.

तेव्हापासून यार्डात कोणी बंद वस्तूवर घन उचलत नाही. आधी मला बोलावतात. मी वाट्याची रीत बदलली. आता न फोडता दाखवणाऱ्याला वाटा मिळतो. मुकादम नव्या माणसांना सांगतो, "भाऊनं कान लावला म्हनून आपन जित्ते आहोत." बुधरामनं परवा त्याच्या घरामागच्या बाडीतला जिमीकंद आणून दिला. घरात बायकोनं तेल लावूनच चिरला. मुलगा हिंदीत म्हणाला, "पापा, इस किस्से का वीडियो बना लो." मी नाही म्हटलं. कारण काय ते त्याला सांगितलं नाही.

तुम्हाला सांगतो. तुमच्या घराच्या जागी आता मोबाईलचं दुकान आहे, तेव्हा हे पत्र टाकायचा प्रश्न नाही. आठवड्याभरानं त्या सरकारी माणसाचा फोन आला होता. चांगला माणूस, त्यानं आधी माझे आभार मानले आणि मग निकाल सांगितला. यार्डात मी तो अजून बोललो नाही. बोललो तर पुढच्या घागरीवर घन पडेल, आणि पुढच्या घागरीत काय असेल हे मला माहीत नाही. तुम्ही यावर रागावला असतात की गप्प बसला असतात, हे मी बरेच दिवस ठरवून पाहतोय.

ते कुठल्यातरी जुन्या यंत्राचं वजन होतं, बाई. आत पोकळी नव्हतीच. आरपार भरीव शिसं.