ठसका

मंगळवार, संध्याकाळ, रत्नागिरी

सकाळी शेजारच्या सुलूने बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घातलं. मी समोर बसून चित्र काढत होते. त्याची गुलाबी टाच काही केल्या साधेना. आई-मुलांच्या चित्रांसाठीच नावाजलेल्या त्या परदेशी इम्प्रेशनिस्ट चित्रकर्तीलाही मूल नव्हतं. तिला लोक घरात कसे घेत असतील?

निघताना चपला घालत होते, तर आतून सुलूची सासू म्हणाली, "मूल नाही हो तिला. एकटक बघत होती. दृष्ट काढ आधी."

न्हाणीच्या चुलीत मिरच्या पडल्या. ठसका लागला नाही, तर दृष्ट मोठी म्हणतात. मी दाराबाहेर थांबले. कोणीच खोकेना. ती टाच डोळ्यांपुढून हलेना. खरंच लागली असेल माझी?

शेवटी मीच खोकले, आत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.