अण्णांना विचारून सांगते

अण्णा, एका माणसाने तुम्हाला नमस्कार सांगितला आहे. तो तुम्हाला कधी भेटलेला नाही. तुम्ही गेलात तेव्हा तो जळगावात शाळेत जात असेल. पण नमस्कार मनापासून सांगितलाय आणि पोचवायचं काम माझ्यावर टाकलंय, म्हणून लिहायला बसले.

तुमचे जावई गेल्यापासून जर्मनीत ब्योब्लिंगेनच्या या घरात मी एकटीच आहे. घर अरुंद आणि उभं. स्वयंपाकघर खाली, झोपायची खोली आणि न्हाणीघर वर. हे होते तोवर जिना कधी जाणवला नाही. आता गुडघ्यामुळे कठडा धरून आडवी, खेकड्यासारखी उतरते. मुलगा ड्रेस्डेनला चिपच्या कारखान्यात इंजिनियर आहे. तो फोनवर म्हणतो, "आई, आल्झो, तर मग वीक ते घर. इकडे लिफ्टवाला फ्लॅट बघतो." प्रेमानेच म्हणतो. पण मला इथून हलायचं नाही. इथल्या वाचनालयात मी डिक्शनरी मांडीवर घेऊन जर्मन वाचायला शिकले. मागच्या अंगणात यांनी लावलेलं आलुबुखारचं झाड आहे. मी ठरवलं, खालची मधली भिंत काढायची आणि खालीच झोपायची जागा आणि छोटं न्हाणीघर करून घ्यायचं. मुलगा म्हणाला, "दिवाळीपर्यंत जमलं तर राहा. नाही जमलं तर घर विकायचं. प्रॉमिस?" मी हो म्हणून बसले.

इथे कारागीर मिळणं म्हणजे दिव्य. ज्याला फोन करावा तो पुढच्या वर्षाचं बोलतो. मग आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर कुणीतरी या जळगावच्या माणसाचा नंबर दिला. खाली लिहिलं होतं, आपला माणूस आहे, मराठी बोलतो. लोकांना तेवढं पुरतं, मलाही पुरलं. तो दुसऱ्याच दिवशी आला. बूट दाराबाहेर काढले, देव्हाऱ्यापुढे हात जोडले आणि भिंतीवर थापा मारत म्हणाला, "काकू, ही काय भिंत आहे? पुठ्ठा आहे पुठ्ठा! नळ, वायरिंग, फरशी, सगळं माझ्यावर सोडा. तुम्ही फक्त चहा करत राहा." मी थालीपीठ लावलं होतं. ते त्याने इतक्या आवडीने खाल्लं की मला भरून आलं. या टेबलाशी बसून इतकं मनापासून कुणी जेवलं नव्हतं बऱ्याच दिवसांत. मग हात धुऊन त्याने कागद पुढे सरकवला. "इथे सही करा. सोमवारी सुरू." मी पेन उचललं, टोपण काढलं, आणि तुम्ही आठवलात.

एसटी डेपोच्या स्टोअरमध्ये तुम्ही मला कधीकधी घेऊन जायचात. ट्रकवाला घाईत असायचा, पावती नाचवायचा, आणि तुम्ही एकेका टायरवरून हात फिरवत बसायचात. "आधी बघू, मग सही." ते वाक्य घरातही चालायचं, भाजीला, वाण्याला, माझ्या प्रगतिपुस्तकालाही. आणि मग तो दिवस. मिरजेच्या आपल्या बाहेरच्या खोलीत हे बसले आहेत, शर्टाची इस्त्री अजून कडक. मी पोहे ठेवून आत येते आणि पडद्याआड उभी राहते. तुम्ही विचारता, "इंजिनियर झालात म्हणता. पदवीची मूळ प्रत आणलीय?" मग यांचे मामा म्हणतात, "अहो, मुलगी बघायला आलोय. नोकरी मागायला नाही." तुम्ही आवाज न चढवता म्हणता, "मुलगी माझी आहे. बघितल्याशिवाय मी सही करत नाही." पाहुणे पोहे अर्धे टाकून उठले. आई भांडी आपटत म्हणाली, "आता टायरवाल्याशीच लावून द्या तिचं लग्न!" मी तुमच्याशी बोलणं टाकलं. मला वाटलं, तुम्ही माझं आयुष्य मोडलंत.

दुसऱ्या दिवशी दुपारी हे एकटेच दारात उभे. कोल्हापूरहून एसटीने आले होते, पदवी कापडी पिशवीत. म्हणाले, "मामांना कळू देऊ नका." तुम्ही ती खिडकीपाशी उजेडात धरून पूर्ण वाचलीत, शिक्क्यासकट. मग आईला हाक न मारता स्वतः आत जाऊन चहा टाकलात. त्याआधी तुम्ही कधी चहा केलेला मी पाहिला नव्हता, आणि तो फार गोड झाला होता. यांनी त्यावरून आयुष्यभर माझी चेष्टा केली. भांडण झालं की म्हणायचे, "तपासून घेतलेला माल आहे, परत करता येणार नाही." शेवटच्या आजारात हॉस्पिटलमधल्या नर्सलाही त्यांनी ही गोष्ट मोडक्या जर्मनमध्ये सांगितली होती. ती हसली, आणि हे दमून डोळे मिटून पडले.

तर मी पेनाला टोपण लावलं. पण अण्णा, मला तुमच्यासारखं विचारता येईना. जो मला काकू म्हणतो, माझ्या ताटात जेवतो, त्याला परवाना दाखव कसं म्हणायचं? तोंडातून निघून गेलं, "अण्णांना विचारून सांगते." तो चमकला. "अण्णा म्हणजे?" "माझे वडील. ते कागद बघितल्याशिवाय हो म्हणत नाहीत. तुझं ते कारागिराचं कार्ड असतं ना, ते बघायला मागतील." तो माझ्या पांढऱ्या केसांकडे बघत राहिला. "काकू, आजोबा आहेत अजून?" मी म्हणाले, "आहेत की. मिरजेला." "वा! मग दाखवू की," असं म्हणून तो हसला खरा, पण बिनसहीचा कागद घडी करून खिशात घातला आणि बूट घालून निघाला. त्यानंतर त्याचा फोन आला नाही. सोमवारही तसाच गेला.

इथली पद्धत मी वाचून काढली. भिंत पाडायची, पाण्याचं किंवा विजेचं काम करायचं, तर त्या त्या कामाची माइस्टर म्हणून परीक्षा झालेला माणूस लागतो, आणि त्याची नोंद हांडवर्क्सकामरमध्ये, म्हणजे कारागिरांच्या मंडळात असावी लागते; ते कार्ड तिथूनच मिळतं. मी तिथे फोन लावला. बोलायची वाक्यं आधी तीनतीनदा म्हणून बघितली होती. पलीकडच्या बाईंनी विचारलं, "तुम्हाला ही माहिती कशासाठी हवी?" मी म्हटलं, "मी त्या छताखाली झोपणार आहे." त्या म्हणाल्या, "गेनाऊ, अगदी बरोबर, हे कारण पुरेसं आहे." त्यांनी बघून सांगितलं. त्याची नोंद होती, पण फक्त तयार दारं-खिडक्या बसवण्याची. भिंत, नळ, वीज, यातलं काहीच नाही. मी आभार मानले आणि फोन हातात धरून बसून राहिले. तो खोटा निघाला याचं वाईट वाटलं, आणि आता घर जाणार याचं त्याहून जास्त. मुलाला काय सांगायचं ते मनात जुळवू लागले.

दोन दिवसांनी बेल वाजली. तोच होता. बरोबर निळ्या कामाच्या कपड्यांतली, माझ्याच वयाची एक जर्मन बाई. त्याने कार्ड काढून टेबलावर ठेवलं आणि उभाच राहिला. "काकू, मला भिंत पाडायची परवानगी नाही. दारं-खिडक्यांची आहे. बाकीचं मी असंच करत आलो. कुणी विचारलंच नाही कधी. सगळे म्हणतात, आपला माणूस आहे." मग खाली बघत म्हणाला, "तुम्हाला काहीतरी सांगून वेळ मारली असती. पण आजोबा तिकडे वाट बघत असतील. म्हाताऱ्या माणसाला खोटं कुठे सांगू?" मला सगळं आधीच कळलंय, हे मी बोलले नाही. त्याला त्याच्या तोंडाने सांगू दिलं. तुम्हीसुद्धा त्या दुपारी यांना आदल्या दिवसाबद्दल एक शब्द बोलला नव्हतात. मी आत जाऊन चहा टाकला.

ती बाई गवंडीकामातली माइस्टर होती. तिच्याकडे तो पूर्वी हाताखाली काम करायचा आणि भांडून बाहेर पडला होता. माझ्यासाठी, किंवा तुमच्यासाठी म्हणा, तो तिच्या दारात परत गेला होता. तिने तिचं कार्ड मी मागायच्या आधी दाखवलं. मी उजेडात धरून वाचलं, तर ती खूश झाली. तिने बांधकामाचा हिशेब करणारा इंजिनियर आणला. त्याने सांगितलं, पुठ्ठा वाटणाऱ्या या भिंतीवर वरचा सगळा मजला उभा आहे. नुसती पाडली असती तर माझा पलंग स्वयंपाकघरात आला असता. जळगावकर पांढराफटक पडला. माइस्टर त्याला म्हणाली, "हो, हो. पुठ्ठा!" आणि त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. आता लोखंडी तुळई टाकून काम झालंय. पाण्याची आणि विजेची माणसं तिनेच तिच्या ओळखीतली आणली. दारं त्याने बसवली, फार सुरेख. दिवाळीला मुलगा आला, माझ्या नव्या खोलीत उभा राहून वर तुळईकडे बघत म्हणाला, "ओके, आई. राहा."

काम संपवून निघताना तो जळगावचा मुलगा दारात थांबला होता आणि फोन काढून म्हणाला, "काकू, आजोबांना व्हिडिओ कॉल लावा ना. त्यांना खोली दाखवू." मी म्हणाले, "आत्ता तिकडे रात्र झालीय. झोपले असतील." "बरं, मग माझा नमस्कार सांगा. सांगा, की सगळं बघून घेतलंय."

तर हा त्याचा नमस्कार. एक गोष्ट मात्र तुम्हाला सांगायला हवी. पहिल्यांदा तुम्ही आहात असं म्हणाले ते अडचणीपोटी. पण नंतर त्याला पोहे देताना गरज नसताना सांगितलं, की अण्णांना लिंबू जास्त लागतं, आणि अजून सायकल चालवतात, ऐकत नाहीत. हे गेल्यापासून मी प्रत्येक वाक्यात होते, होते म्हणत आले आहे. या काही आठवड्यांत घरात एक माणूस असं होतं, ज्याला मी 'आहे' म्हणू शकत होते. त्याला मी अजून खरं सांगितलेलं नाही. तो पुढच्या आठवड्यात खिडकीची कडी बघायला येणार आहे, आणि तुमची तब्येत विचारेल, याची मी वाट बघतेय.