घरी येऊ देणारा माणूस

१२ जानेवारी १९६८, शुक्रवार
सुट्टी. निम्मा कॅम्प लॉरीने दुबईला गेला. मी नाही गेलो. तिथे देऱ्याच्या बाजारात हिंडायचं, चहा प्यायचा, परत यायचं. तेवढ्यासाठी दिवसभर रेती कोण खाणार? इथे मराठी बोलणारे दोघेच, मी आणि मेसचे हमीदचाचा, श्रीवर्धनचे. चाचांचे विषय दोन. पीठ आणि गुडघे.

संध्याकाळी डॉसनसाहेब माझ्या स्टोअरवर आले, ट्रान्झिस्टरचे सेल मागायला. तेलविहिरीच्या ड्रिलिंगचे मुख्य, अमेरिकन, ओक्लाहोमाचे. कामापलीकडे कुणाशी बोलत नाहीत. सेल घातले, तिथेच खोक्यावर बसून बातम्या ऐकल्या. त्यांच्या देशात यंदा अध्यक्ष निवडायचा आहे. निघताना म्हणाले, ‘इस्माईल, तुझ्या मते कोण कोण उभं राहील?’
काय सांगणार! मला तिथली दोन नावंही धड येत नव्हती. पण इथे आल्यापासून मला कुणी कशाबद्दल मत विचारलं नव्हतं.

२६ जाने., शुक्रवार
आता दर संध्याकाळी खोक्यावर बैठक. ती नावं लिहायला जड, म्हणून माझी मी नावं ठेवली आहेत. सध्या खुर्चीवर आहेत ते गादीवाले. मारले गेलेल्या अध्यक्षांचा भाऊ, तो धाकटा. त्यांच्या देशाची दूरवर लढाई चालली आहे, ती थांबवा म्हणणारा एक आहे, शांत बोलतो, तो मास्तर. दुसऱ्या पक्षात मागे एकदा हरलेला, तो वकील.
साहेब म्हणतात गादीवाले परत येणार. मी म्हणतो धाकटा उभा राहील. आमच्याकडे भावाचं काम भाऊ पुढे नेतो, असं सांगितलं. हसले. पहिल्यांदा हसताना पाहिलं.
घरून बायकोचं, मेहरुनचं, पत्र नाही.

१३ मार्च
ईद आली नि गेली. चाचांनी बिर्याणी केली, पाच देशांचे लोक जेवले, उरलेला दिवस झोपलो.
तिकडे एका थंडीच्या राज्यात, पक्षाचा उमेदवार ठरवायचं पहिलं मतदान झालं. मास्तरने गादीवाल्यांच्या जवळपास मतं घेतली. वाटलं साहेब चिडणार. लढाईविरुद्ध ओरडणाऱ्या पोरांचं नाव काढलं की ते थुंकायचे. पण म्हणाले, आवाज वाढव.

१७ मार्च
धाकटा उभा राहिला! साहेब ड्युटी सोडून स्टोअरवर, माझा हात हातात घेऊन हलवला. फोरमन बघत राहिला. दिवसभर उगाच बरं वाटत होतं.

१ एप्रिल, सोमवार
गादीवाल्यांनी सांगून टाकलं, मी उभाच राहणार नाही. कॅम्पात कुणाला सोयरसुतक नाही. चाचांना सांगितलं तर म्हणाले, बाबा, पीठ संपत आलंय, ते मागव.

संध्याकाळी साहेबांनी ट्रान्झिस्टर बंद केला. मग बोलले, माझ्याकडे न बघता. त्यांना एकच मुलगा आहे, रॉय. गेल्या वर्षी त्याला लष्कराचं बोलावणं आलं. साहेब तेव्हा रजेवर घरी होते. जेवणाच्या टेबलावर मुलगा म्हणाला, मी जाणार नाही. साहेब स्वतः मागच्या महायुद्धात लढलेले. म्हणाले, मग या घरात राहू नकोस. पोरगा सकाळी नव्हता. कॅनडात गेला. आता परत आला तर सरळ तुरुंग. आई शेजाऱ्यांना सांगते, कॉलेजात आहे.
‘तू मला सांग,’ साहेब म्हणाले. ‘यांच्यातला कुठला माणूस माझ्या पोराला घरी येऊ देईल?’
म्हणजे इतके दिवस आम्ही त्याचा हिशेब करत होतो.

१० मे, शुक्रवार
दुबईला गेलो. गाववाल्यांच्या दुकानात बसलो. बोलता बोलता मी धाकटा, मास्तर सुरू केलं. सगळे हसायला लागले. करीमभाई म्हणाला, अरे, रत्नागिरीत नगरपालिकेला कोण उभं राहतंय ते तरी माहीत आहे का? नव्हतं माहीत.
तो नुकताच सुट्टीवरून आलेला. सगळ्यांचं बरं आहे म्हणाला. माझी मुलगी नूरी आता खूप बोलते म्हणाला. मग आपणहून, सहज म्हणाला, ती तुझ्या भावाला अब्बा म्हणते. लहान आहे, तिला काय कळतंय.
मी पण हसलो. परतीच्या लॉरीत मागे बसलो होतो. कॅम्पजवळची जबल अलीची टेकडी दिसेपर्यंत चाकांमागे उठणारी रेती बघत होतो.

६ जून, गुरुवार
धाकटा गेला. काल गोळ्या घातल्या, आज दुपारी गेला.
साहेब कामावर होते. मशीन चालू, कुणाला काही सांगायचं म्हटलं तरी ओरडून सांगावं लागतं. मी जवळ गेलो. माझ्या तोंडाकडे बघूनच कळलं त्यांना. अरबी मजुरांचा शब्द वापरला, ‘खलास?’ मी मान हलवली. ते परत पाइप मोजायला लागले.
संध्याकाळी खोका रिकामा. त्यांच्या केबिनपर्यंत गेलो. आत दिवा होता. दार वाजवायला हात उचलला, आणि तसाच परत आलो.

२१ जुलै
उकाडा. पत्र्याला हात लावता येत नाही. साहेब येत नाहीत. ट्रान्झिस्टर मात्र माझ्याकडेच ठेवलाय. एकटाच ऐकतो. वकील दुसऱ्या पक्षातून नक्की. गादीवाल्यांच्या पक्षातून उपाध्यक्षांचं नाव. दोघांबद्दल साहेबांना काय वाटेल ते मनातल्या मनात त्यांच्या आवाजात बोलून बघतो. वेडेपणा.

२९ ऑगस्ट, गुरुवार
उपाध्यक्षांना तिकीट मिळालं. पक्षाच्या अधिवेशनाच्या सभागृहाबाहेर रस्त्यावर पोलिसांनी लढाईविरुद्ध ओरडणाऱ्या पोरांना झोडपलं. मी न राहवून ट्रान्झि. घेऊन साहेबांच्या केबिनवर गेलो. आत घेतलं. बातमीत मागे गोंगाट ऐकू येत होता, पोरं ओरडत होती. साहेब कान लावून बसले. मुलगा त्या गावात नाही, त्या देशातच नाही, हे त्यांना माहीत आहे. तरी एक आवाज शोधत होते.
मी विचारलं, साहेब, या दोघांतला कोण?
म्हणाले, ‘दोघंही सगळ्यांना खूश ठेवतील. माझ्या पोरामुळे कोण खूश होणार आहे?’

१८ ऑक्टोबर, शुक्रवार
विहिरीत तेल लागलं नाही. कॅम्प उठणार. साहेबांना परत बोलावलंय. मला कंपनी नव्या कॅम्पवर घ्यायला तयार आहे, आणखी दोन वर्षं. मॅनेजर म्हणाला, विचार करून सांग.
साहेब सामान बांधत होते. ओक्लाहोमाला कधी पोचाल, विचारलं. म्हणाले, आधी कॅनडा.
मी म्हटलं, निवडणूक तर होऊ दे. कोण येतो बघू.
‘ते त्याला येऊ देतील की नाही, त्यांना ठरवू दे. मला तिकडे जायला कुणाची परवानगी लागत नाही. ते मला इतके दिवस सुचलं नाही.’
मुलगा दार उघडेल का, हे मी विचारलं नाही. ते पण त्याच विचारात असावेत. शर्टाची घडी चारदा मोडून घातली.
मग म्हणाले, ‘घरी जायला तुझ्या वाटेत कोण आहे?’
मी त्यांच्या पेटीला दोरी बांधून दिली. 

६ नोव्हेंबर, बुधवार
साहेब जाऊन आठवडा झाला. काही कळलं नाही, कळणार कसं.
काल तिकडे मतदान. सकाळपासून ऐकतोय. वकील आणि उपाध्यक्ष, कधी हा पुढे कधी तो. निम्मे तंबू उतरवले आहेत. मॅनेजर दुपारी येऊन गेला, उद्या यादी पाठवायची आहे, तुझं काय, हो की नाही? सकाळी सांगतो म्हटलं.
दिवे लागायच्या वेळी हमीदचाचा चहा घेऊन आले. कधी येत नाहीत.
‘कोण आला?’
अजून मोजतायत, म्हटलं.
बसले. ट्रान्झिस्टरवरची इंग्रजी त्यांना कळत नाही, तरी ऐकत राहिले. मग म्हणाले, मलाही कंपनीने एकदा असंच विचारलं होतं, आणखी राहणार का म्हणून. मी म्हटलं, बघू. बघू म्हटलं म्हणजे हो, असं त्यांनी धरलं. परत कुणी विचारलंच नाही.
चहा पिऊन गेले.
मोजणी चालूच आहे. मेहरुनला लिहायला कागद घेतलाय. वर ‘प्रिय मेहरुन’ आणि तारीख लिहिली आहे. आता बातम्या परत लागल्या, त्या ऐकून झाल्या की लिहितो.