साच्याला बांधलेली निळी वायर

दिशा,

कॉम्प्युटर पुसून परत विंडोज टाकणार म्हणालीस, ते टाकू नको. विंडोज काढून तू घातलेल्या त्या लिनक्सचा काही दोष नाय. इंटरनेटची वायर मीच कापलीय.

परवा गणपतीचा साचा आवळायला दोरी मिळेना. कपाटामागे निळ्या वायरचं भेंडोळं दिसलं. जोडून उरलेली असेल समजून हातभर कापून घेतली. साच्याला अजून तीच बांधलीय, कारखान्यात जाऊन बघ.

काल दिवसभर तू त्या काळ्या पडद्यावर काय काय टाइप करत होतीस. "बाबा, केबल लावलेलीच नाय असं दाखवतोय, कोणी हात लावला का?" असं विचारलंस, तेव्हाच माझ्या डोक्यात उजेड पडला. पण त्याआधी मी कारखान्यातल्या बायकांसमोर बोलून बसलो होतो, सुनेने फुकटचं काहीतरी घालून चांगला कॉम्प्युटर बिघडवला म्हणून. त्या हसल्या. मग माझं तोंडच उघडेना. तुझा इंटरव्ह्यू मोबाईलवर अर्ध्यात तुटला, तेव्हा मी शेजारच्या खोलीत रंग ढवळत बसलो होतो.

पेणला नवी वायर आणायला चाललोय. तू इंटरव्ह्यूवाल्या कंपनीला फोन कर, सासऱ्याने वायर कापली म्हणून सांग. माझी लाज राखू नको.

आपला आदेश रोह्याहून शिफ्ट संपवून घरी आला की त्याला आणि त्या बायकांना मीच सांगेन. ही चिठ्ठी मात्र फाडू नको. माझी जीभ परत अडकली, तर सगळ्यांसमोर वाचून दाखव.

बाबा