'येते'चं बटण

प्रिय ताई,

परवा फोनवर आईचं सगळं सांगता आलं नाही, म्हणून लिहितोय. तिच्या हृदयाचं ऑपरेशन बुधवारी आहे. लकव्यात वाचा गेली ती परत आलेलीच नाही, आणि आता हे. फार भीती वाटते गं.

तिला बोलता यावं म्हणून मी एक कॉम्प्युटर जुळवलाय. आधी जुना फोन देऊन पाहिला, पण तिचा जड हात पडला की भलतंच काहीतरी उघडायचं, मग चिडून तो उशीखाली कोंबायची. शेवटी एका ऑफिसने भंगारात काढलेला डबा स्वस्तात आणला, त्यात विंडोजऐवजी लिनक्स ही फुकटातली सिस्टीम टाकली आणि सगळीकडून कुलपं लावली. आईने काहीही दाबो, काहीही पुसो, बंद करून चालू केला की गडी पुन्हा पहिल्यासारखा. कीबोर्ड रबरी, चहा सांडला तर नळाखाली धरायचा. पडद्यावर मोठाली बटणं आहेत: पाणी, चहा, दुखतंय. दाबलं की माझ्या आवाजात शब्द येतो. अक्षरं जुळवली तर मशीन तेही वाचतं, पण अगदी कोरडं. शेवटचं बटण 'येते'. घरातून निघताना कुणी 'जाते' म्हटलेलं तिला कधी चाललंय? "जाते म्हणू नको, येते म्हण," करत उंबऱ्यावरून मागे बोलवायची.

पहिल्या दिवशी तिने 'चहा' इतक्यांदा दाबला की बाबा हसून हसून बेजार झाले. झकास चाललं होतं. पण ऑपरेशनची तारीख ठरली त्या संध्याकाळी तिने एकेक अक्षर शोधलं आणि मशीन बोललं, जाते. बाबांच्या हातातली गोळ्यांची डबी पडली. मी धावत जाऊन मशीन बंद केलं. चालू केल्यावर तिने पुन्हा तेच जुळवलं. तेव्हापासून रोज हेच. बाबा उठून आतल्या खोलीत जातात. मला वाटलं, हिने मनाची तयारी केली. मशीन बिघडू नये म्हणून एवढी कुलपं लावली, आणि वाट माझी लागली.

आज मी ते बंद केलं नाही, नुसता बघत बसलो. 'जाते' ऐकल्यावर तिने भिंतीवरच्या तुझ्या फोटोकडे बोट केलं. एकेक अक्षर पुसलं. मग 'येते' दाबलं. पुन्हा फोटो, पुन्हा 'येते'. ताई, ती स्वतःचं सांगतच नव्हती. आईच्या मनाविरुद्ध किरणशी लग्न करायला निघालीस तेव्हा दारात तू 'जाते' म्हणालीस, आणि त्या एकाच वेळी तिने तुला मागे बोलावलं नाही. तो शब्द ती पुसतेय. माझ्या घोगऱ्या आवाजातलं 'येते' तिला पुरत नाही गं. बुधवारच्या आत ये, किरणलाही घेऊन ये, आणि परत निघताना दारात उभी राहून तूच म्हण.

तुझाच,
सिद्धेश